शेरा

ऑफिसची चावी माझ्याकडे असते.
कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, चर्चच्या मागची खोली:
एक टेबल, एक कपाट,
आधी विचार करून मग लागणारी ट्यूबलाइट,
आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींची नऊ जाड पुस्तकं.

नाव. जन्मतारीख. बापाचं नाव.
आईचं, माहेरच्या आडनावासकट.
धर्मपिता, धर्ममाता. धर्मगुरूंची सही.
सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना: शेरा.

एकोणीस वर्षं मी तिथं लिहितेय,
शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात:
आईबापांचं लग्न चर्चमध्ये नाही.
बाप अज्ञात.
फादर सांगतात, मी लिहिते.
फादर दर सहा वर्षांनी बदलतात.
अक्षर तेच राहतं.

मार्सेलिन पहिल्यांदा आली तेव्हा मी जेवत होते.
राहात्याकडची. इथं मार्केटात कांदा निवडते.
नवऱ्यानं टाकलं त्याला अकरा वर्षं झाली,
आता घणसोलीला भाड्याच्या खोलीत,
माथाडीतल्या विलासबरोबर.
विलास आमच्यातला नाही.
पोरगी दोघांची,
टेबलाखाली बसून माझ्या चपलांशी बोलत होती.

"लग्नाचा दाखला?"
"कुठल्या?" ती म्हणाली.

तेव्हा मला हसू आलं नाही.
मी डबा झाकला, कागदांची यादी दिली.
तळाशी ठळक अक्षरात:
अपुरे कागद घेतले जाणार नाहीत.

फादरांनी ते वाक्य सांगितलं नव्हतं.
ते माझं आहे.

पुढं सगळा उपवासकाळ मी तिला बघत होते,
साडेचारच्या मराठी मिस्सेत, पंख्याखालची जागा सोडून
शेवटच्या खांबाशी.
ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत यायची,
दोन्ही हात छातीवर फुली करून.
फादर कपाळाला अंगठा लावायचे,
ती वळायची.
तोंड मिटलेलंच.

एका मंगळवारी फादर एलियास ऑफिसात आले.
मेणबत्त्या मोजणारा माणूस,
एक कमी भरली तर दोन दिवस बोलत नाही.
"त्या कांदेवालीला परत कुणी पाठवलं?"
"नियम आहे ना, फादर."
"नियम मला पाठ आहेत, रेजिना. मी कुणी ते विचारतोय."

मी यादी पुढं केली.
त्यांनी चष्मा पुसला, खालपर्यंत वाचली,
तळाशी जरा जास्तच थांबले.
मला वाटलं, आता.

"शनिवारी बोलाव," म्हणाले,
"पाणी काय, आपल्याकडे असतंच."
दारातून परत वळून:
"पोरीचं म्हणतोय. आईचं बिशप हाऊसला लिहिलंय,
तिथं वेळ लागतो."
किती, ते मी विचारलं नाही.
तिथली पत्रं मीच फोडते.

शनिवारी विलास इस्त्रीचा शर्ट घालून आला,
कुठं उभं राहायचं ते कळेना म्हणून
चपलांच्या स्टँडपाशी उभा राहिला.
फादरांनी त्याला हाताला धरून कुंडापाशी आणलं.
पोरगी पाण्याला घाबरली नाही, तेलाला घाबरली.
नाव ठेवलं सलोमी.

नंतर मी नववं पुस्तक उघडलं.
आईचं नाव. बापाचं नाव: विलास, पूर्ण, वडिलांसकट.
मग तो रकाना.
पेन टेकवलं. निळा ठिपका उमटला.
फादर सही करत होते, त्यांनी काही सांगितलं नाही,
मी काही विचारलं नाही.

ठिपका तेवढा आहे.
कुणी पुढं विचारलंच तर सांगीन, पेन गळत होतं.

त्या यादीतलं वाक्य मी काढून टाकलंय.
जुन्या प्रतींच्या मागं दूधवाल्याचा हिशोब लिहिते.
पण कपाटात आठ पुस्तकं अजून आहेत,
त्यातली कितीतरी पोरं आता लग्नाची झाली,
दाखला मागायला येतात,
आणि मी त्यांच्यासमोर
माझंच अक्षर उतरवून काढते, सुबक,
शिक्का मारते.

मार्सेलिन अजून शेवटच्या खांबाशीच बसते.
त्या दिवशी तिनं पानावर बोट ठेवून
पोरीचं नाव दोनदा वाचलं होतं.
तिथं अजून कांद्याचा वास आहे.
कपाट उघडलं की आधी तोच येतो.